डाउनलोड झालं, पण इन्स्टॉल होईना: फाईल बिघडलीय की कॉम्प्युटर अडवतोय?

गेल्या पावसाळ्यात कळव्याहून एक मुलगी आमच्या नौपाड्यातल्या क्लासला लॅपटॉप घेऊन आली. नोकरी नुकतीच लागलेली, घरी सराव करायचा म्हणून अकाउंट्सचं सॉफ्टवेअर हवं होतं. दोन दिवसांत तिनं तीच फाईल सात-आठ वेळा उतरवली होती आणि प्रत्येक वेळी डबल क्लिक केलं की 'धिस अ‍ॅप कान्ट रन ऑन युवर पीसी' असा निरोप येत होता. लॅपटॉप हप्त्यांवर घेतलेला. तो खराब निघाला असं वाटून ती रडायच्या बेतात होती. मी फाईलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या. साइझ होती १४ केबी. वेबसाइटवर मात्र १०० एमबीच्या वरचा आकडा लिहिलेला. तिला मिळालेली फाईल सॉफ्टवेअरची नव्हतीच. 'तुमचं लॉगिन संपलं आहे' असं सांगणारं एक पान साइटनं पाठवलं होतं आणि ब्राउझरनं ते सॉफ्टवेअरच्या नावानं ठेवून दिलं होतं. फाईल डोळ्याचं पातं लवतंय तोवर उतरायची, म्हणून तिला उलट आज नेट छान चाललंय असं वाटत होतं.

लॅपटॉपला काहीही झालं नव्हतं. परत लॉगिन करून फाईल उतरवली आणि सॉफ्टवेअर दहा मिनिटांत बसलं.

तेव्हापासून प्रत्येक नव्या बॅचला मी हा विषय पहिल्याच आठवड्यात घेते, कारण माणसं चुकीच्या टोकाला धरतात. इन्स्टॉल झालं नाही की तीच फाईल परत परत उतरवतात, नाहीतर अँटिव्हायरस बंद करतात, नाहीतर थेट फॉरमॅट मारायला कॉम्प्युटर दुकानात नेऊन टाकतात. त्याआधी एकच गोष्ट ठरवायची असते: हातातली फाईल बिघडलेली आहे, की फाईल चांगली आहे आणि कॉम्प्युटर तिला बसू देत नाहीये? दोन्ही दुखण्यांची औषधं वेगळी आहेत. पुढचं सगळं विंडोज १० आणि ११ धरून लिहिलंय, कारण ठाण्या-वाशीच्या घरांत आणि छोट्या ऑफिसांत मला तेच दिसतं.

पहिली पायरी: फाईलकडे नीट बघा

सुरुवात नावापासून करा. विंडोज नावाचं शेपूट, म्हणजे टिंबानंतरची अक्षरं, लपवून ठेवतं. ती आधी दिसायला लावा. कोणतंही फोल्डर उघडून वरच्या 'व्ह्यू'मध्ये जा, विंडोज ११ असेल तर तिथून 'शो'मध्ये, आणि 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स'वर खूण करा. आता डाउनलोड्स फोल्डर बघा. फाईलच्या शेवटी 'सीआरडाउनलोड' असेल तर क्रोमचं किंवा एजचं डाउनलोड अर्धवट राहिलंय. 'पार्ट' असेल तर फायरफॉक्सचं. अशा फाईलचं नाव बदलून शेवटी 'ईएक्सई', म्हणजे विंडोजवर चालणाऱ्या प्रोग्रॅमचं शेपूट, चिकटवलं म्हणून ती पूर्ण होत नाही. ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि जे एकत्र दाबा, डाउनलोडची यादी उघडेल. तिथं 'रिझ्यूम' दिसत असेल तर ते दाबा.

शेपूट दिसायला लागलं की आणखी एक फायदा होतो. 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' असली दुहेरी शेपटाची फाईल ओळखता येते. ती बिल नसते, ती उघडायची नसते.

नंतर साइझ. राइट क्लिक, प्रॉपर्टीज. तिथं 'साइझ' आणि 'साइझ ऑन डिस्क' असे दोन आकडे असतात. बघायचा तो पहिला, आणि शक्य असेल तर त्याच्या पुढे दिलेला बाइट्सचा पूर्ण आकडा. वेबसाइट ४.७ जीबी म्हणते आणि विंडोज ४.३७ जीबी दाखवतं, तेव्हा नवशिका घाबरतो. त्यात काही बिघाड नाही. साइटनं १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट्स धरलेले असतात, तर विंडोज १,०७,३७,४१,८२४ बाइट्स धरतं. माप वेगळं, माल तोच. फरक यापेक्षा मोठा असेल तर फाईल अर्धवट आहे.

फाईल संशयास्पद लहान असेल तर ती नोटपॅडमध्ये बघा. आधी नोटपॅड उघडायचं आणि फाईल ओढून त्यात सोडायची, फाईलवर डबल क्लिक करायचं नाही. विंडोजच्या खऱ्या ईएक्सई फाईलची पहिली दोन अक्षरं इंग्रजी एम आणि झेड असतात. मायक्रोसॉफ्टमध्ये ही रचना बसवणाऱ्या मार्क झ्बिकोव्स्की यांची ती आद्याक्षरं. झिप फाईल पी आणि के या अक्षरांनी सुरू होते, फिल कॅट्झ यांच्या नावावरून. त्यापुढे सगळी चिन्हं अगम्य दिसतात, ते ठीकच आहे. पण सुरुवातीलाच कोनी कंसात 'एचटीएमएल' असा शब्द दिसला, तर तुम्ही सॉफ्टवेअर नाही, वेबपान उतरवलंय. मॉलच्या, हॉटेलच्या किंवा स्टेशनवरच्या फुकट वायफायवर हे हमखास होतं. ओटीपी टाकून वायफाय चालू केलेलं नसतं, आणि तुम्ही मागितलेल्या फाईलच्या जागी त्यांचं लॉगिनचं पान येतं.

दुसरी पायरी: हॅश जुळवा

साइझ बरोबर आली म्हणून आतला ऐवज बरोबर असं ठरत नाही. पोत्याचं वजन काट्यावर पुरेपूर आलं तरी आतला तांदूळ तोच आहे हे त्यावरून कळत नाही, तुर्भ्याच्या मार्केटमध्ये हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तिथं परखी लावून चार दाणे बाहेर काढतात. फाईलच्या बाबतीत ती परखी म्हणजे हॅश.

हॅश म्हणजे फाईलमधल्या प्रत्येक बाइटवरून गणित करून काढलेली एक ओळ. आज सगळ्यात जास्त वापरली जाते ती शा-२५६. तिच्यात नेमकी ६४ चिन्हं असतात, ० ते ९ आकडे आणि इंग्रजी ए ते एफ अक्षरं. फाईलमधला एक बिट जरी बदलला तरी ही ओळ पार बदलते. लिबरऑफिस, व्हीएलसी, उबुंटू अशी सॉफ्टवेअर देणारे लोक डाउनलोडच्या जवळपासच ही ओळ देतात. तुमच्या फाईलची ओळ काढायची आणि त्यांच्या ओळीशी जुळवायची, एवढंच काम.

काढायचे दोन रस्ते आहेत. सेव्हन-झिप हे झिप फाईली सोडवायचं सॉफ्टवेअर बसवलेलं असेल तर फाईलवर राइट क्लिक करा, 'सीआरसी शा' नावाच्या मेनूत 'शा-२५६' निवडा, ओळ समोर येते. विंडोज ११ मध्ये त्यासाठी आधी 'शो मोअर ऑप्शन्स' दाबावं लागू शकतं.

सेव्हन-झिप नसेल तरी विंडोजमध्ये सोय आहे. स्टार्टमध्ये 'सीएमडी' टाइप करून काळी खिडकी उघडा. फोनवर सांगते तशीच इथं अक्षरं सांगते, सगळी इंग्रजीत टाइप करायची: सी, ई, आर, टी, यू, टी, आय, एल. एक मोकळी जागा. मग आडवी रेघ आणि तिला चिकटून एच, ए, एस, एच, एफ, आय, एल, ई. पुन्हा मोकळी जागा. आता फाईल माउसनं उचलून त्या काळ्या खिडकीत सोडा, तिचा पूर्ण पत्ता आपोआप उमटेल. पुन्हा मोकळी जागा, शेवटी एस, एच, ए, २, ५, ६ मध्ये जागा न सोडता, आणि एंटर. आकडे इंग्रजी कळांवरचेच. फाईल मोठी असेल तर थोडा वेळ लागतो, खिडकी बंद करू नका.

६४ चिन्हं डोळ्यांनी जुळवत बसू नका. साइटवरची ओळ नोटपॅडमध्ये पेस्ट करा, मग कंट्रोल आणि एफ दाबून शोधायच्या चौकटीत तुमची ओळ टाका. सापडली तर जुळली. लहान-मोठ्या लिपीचा फरक इथं धरायचा नसतो.

जुन्या साइटवर एमडी५ किंवा शा-१ दिलेलं असतं. उतरवताना झालेला बिघाड त्या दोन्ही पकडतात. पण कुणी मुद्दाम फाईल बदलली असेल तर त्यांच्यावर विसंबता येत नाही: एकच हॅश देणारे दोन वेगळे मजकूर एमडी५साठी २००४ मध्ये आणि शा-१साठी २०१७ मध्ये बनवून दाखवले गेले आहेत.

हॅश कुठंच दिलेली नसेल तर डिजिटल सही बघा, आणि माझ्या मते नवशिक्यासाठी हाच सोपा रस्ता आहे. प्रॉपर्टीजमध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' असा टॅब असेल तर त्यातलं नाव निवडून 'डीटेल्स' दाबा. 'धिस डिजिटल सिग्नेचर इज ओके' असं आलं तर दोन गोष्टी एकदम कळतात: फाईल त्याच कंपनीची आहे आणि सही झाल्यापासून तिच्यात काही बदललेलं नाही. सही 'नॉट व्हॅलिड' आली तर ती फाईल काढून टाका. टॅबच नसेल तर त्यावरून काही सिद्ध होत नाही, छोट्या प्रोग्रॅमना बऱ्याचदा सही नसते.

तिसरी पायरी: परत उतरवायचंय, पण डोळे उघडे ठेवून

आधी जुनी फाईल डिलीट करा. हे सांगायचं कारण असं की दुसऱ्यांदा उतरवलेल्या फाईलच्या नावापुढे ब्राउझर कंसात १ लावतो, आणि माणूस सवयीनं जुन्याच फाईलवर क्लिक करत राहतो. नवी चांगली फाईल शेजारी पडून आणि जुनी बिघडलेली चालवून हैराण झालेली माणसं मी पाहिली आहेत.

आता एक बारकावा. साइटचा पत्ता 'एचटीटीपीएस'नं सुरू होत असेल, तर वाटेत येणाऱ्या प्रत्येक तुकड्याची तपासणी होत असते आणि बदललेला तुकडा ब्राउझर स्वीकारतच नाही. त्यामुळे फाईल मध्येच 'सडली' असं सहसा होत नाही, होतं ते शेपूट तुटणं. पुण्याहून ठाण्याला येताना गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली की फोनवरचं बोलणं जसं अर्ध्या शब्दावर तुटतं, तसं. म्हणून साइझ पूर्ण आणि तरी हॅश चुकीची, असं झालं तर दुसऱ्यांदा उतरवा आणि दुसऱ्या फाईलचीही हॅश काढा. दोन्ही वेळा सारखीच पण चुकीची हॅश आली तर फाईल पूर्णच आहे, फक्त तुम्हाला हवी ती नाही. तुम्ही ६४-बिटची उतरवून ३२-बिटची हॅश बघताय, किंवा साइटवर नवी आवृत्ती आली आणि हॅश जुनी राहिली. पण दोन्ही वेळा वेगवेगळी हॅश आली तर तुमच्याच मशीनकडे बघा. डिस्क किंवा रॅम बाइट्स बदलतेय. त्यासाठी स्टार्टमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' शोधून चालवा, मशीन रीस्टार्ट होऊन रॅम तपासते. डिस्कसाठी 'धिस पीसी'मध्ये सी ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'टूल्स', 'चेक'. आणि आधी कामाच्या फाईलींची कॉपी दुसरीकडे ठेवा. रॅम किंवा डिस्क चाललेली असेल तर सॉफ्टवेअर बसत नाही ही त्यातली सगळ्यात छोटी अडचण असते, तुमचा डेटा त्याच डिस्कवर आहे.

शेपूट तुटण्यावर उपाय साधे आहेत. वायफायऐवजी राउटरला केबल जोडा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर वीज अर्धा सेकंद लुकलुकते, लॅपटॉपला बॅटरी असल्यानं ते कळतही नाही, पण राउटर बंद होऊन परत उठायला दोन-तीन मिनिटं घेतो आणि तेवढ्यात डाउनलोड मेलेलं असतं. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. घरून काम करणाऱ्यानं तो घ्यावाच, असं मी आग्रहानं सांगते. घोडबंदरच्या वरच्या मजल्यांवर फोनचा सिग्नल वर-खाली होत असेल तर मोठी फाईल हॉटस्पॉटवर उतरवू नका. ऑफिसात किंवा ओळखीच्या घरी चांगल्या लाइनवर उतरवा आणि पेनड्राइव्हवर आणा.

पेनड्राइव्हचीही एक मेख आहे. बरेच पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेले येतात आणि त्या पद्धतीत ४ जीबीची किंवा त्याहून मोठी एकही फाईल मावत नाही, पेनड्राइव्ह ६४ जीबीचा रिकामा असला तरी. विंडोज 'फाईल इज टू लार्ज' म्हणतं ते यामुळे. पेनड्राइव्हवरचं काही हवं असेल तर काढून घ्या आणि एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. काढताना 'इजेक्ट' करूनच काढा. कॉपी झाल्याची पट्टी गेली तरी शेवटचे तुकडे लिहायचे राहिलेले असू शकतात. पेनड्राइव्हवरून आणलेल्या फाईलची हॅश नव्या मशीनवर पुन्हा काढली तर उत्तमच.

आणि फाईल बनवणाऱ्याच्याच साइटवरून घ्या. शोधताना सगळ्यात वर येते ती पुष्कळदा जाहिरात असते, आणि मोठं हिरवं 'डाउनलोड'चं बटण दुसऱ्याच कशाचं तरी असतं. 'क्रॅक' केलेलं सॉफ्टवेअर तर घेऊच नका. ती फाईल बिघडलेली आहे की मुद्दाम तशी बनवली आहे, हे तपासायला तुमच्याकडे ना हॅश असते ना सही.

चौथी पायरी: झिप आधी सोडवा

क्लासमध्ये सगळ्यात जास्त वेळा मला हीच चूक भेटते. विंडोज झिप फाईलला फोल्डरसारखं उघडून दाखवतं. आत 'सेटअप' दिसतं, माणूस त्यावर डबल क्लिक करतो, थोडं पुढे जातं आणि मग अमुक 'कॅब' फाईल सापडत नाही, तमुक 'डीएलएल' सापडत नाही असे निरोप येतात, या दोन्ही प्रोग्रॅमला लागणाऱ्या जोड-फाईली. लोकांना वाटतं डाउनलोड खराब आहे. खरं म्हणजे विंडोजनं फक्त ते एक सेटअप तात्पुरत्या जागी काढून चालवलेलं असतं, त्याची भावंडं झिपमध्येच अडकलेली असतात.

झिपवर राइट क्लिक, 'एक्स्ट्रॅक्ट ऑल', आणि जागा शक्यतो लहान नावाची द्या, सी ड्राइव्हवरच इंग्रजी नावाचं एखादं फोल्डर. फार खोल फोल्डरमध्ये सोडवलं तर पत्ता २६० अक्षरांच्या पुढे जातो आणि बरेच प्रोग्रॅम तिथं अडखळतात. सोडवताना 'सीआरसी एरर' आला तर मात्र झिप खरोखर बिघडलेली आहे, तिसऱ्या पायरीवर परत जा.

पाचवी पायरी: फाईल चांगली आहे, तरी बसत नाही

इथून पुढे नेटचा संबंध संपला.

रीस्टार्ट करा. शटडाउन करून चालू करणं वेगळं, विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शटडाउनमध्ये सगळं पूर्ण बंद होत नाही. रीस्टार्टमध्ये होतं. अर्धवट राहिलेले अपडेट त्यानं मार्गी लागतात.

जागा बघा. इन्स्टॉलर आधी स्वतःला टेम्प, म्हणजे तात्पुरत्या फाईलींच्या, फोल्डरमध्ये सोडवतो आणि मग प्रोग्रॅम बसवतो, म्हणून प्रोग्रॅम २ जीबीचा असेल तर सी ड्राइव्हवर ५-६ जीबी तरी मोकळे हवेत. डी ड्राइव्ह रिकामा आहे याचा इथं उपयोग नाही.

सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम', 'अबाउट' उघडा. 'सिस्टिम टाइप' समोर ३२-बिट असेल तर ६४-बिटचा प्रोग्रॅम त्यावर चालणार नाही. उलट बाजूनं सहसा चालतं. विंडोजही जुनं असू शकतं: विंडोज ७ वर क्रोमची शेवटची चालणारी आवृत्ती १०९ आहे, त्यापुढची कितीही वेळा उतरवली तरी बसणार नाही. विंडोज १०चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, तेव्हा पुढे हा अनुभव तिथंही येत जाईल. नवा लॅपटॉप असेल आणि तो फक्त स्टोअरमधलीच अ‍ॅप बसवू देत असेल तर तो 'एस मोड'मध्ये आहे. त्यातून बाहेर पडायला पैसे लागत नाहीत, पण बाहेर पडल्यावर परत त्यात जाता येत नाही.

सेटअपवर राइट क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून बघा. लॅपटॉप ऐरोली-महापेच्या एखाद्या कंपनीनं दिलेला असेल आणि पासवर्ड मागत असेल, तर आयटीवाल्यांना मेल करा. कंपनीच्या मशीनवर आडवाटेनं काही बसवू नका, नव्या नोकरीत त्याची किंमत फार मोठी पडते.

घड्याळ बघा, हे खूप जणांना पटत नाही. जुन्या डेस्कटॉपमध्ये सीआर२०३२ ही नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी असते. ती संपली की वीज गेल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग साइटची प्रमाणपत्रं 'अजून सुरूच झालेली नाहीत' असं कॉम्प्युटरला वाटतं आणि डाउनलोडही अडतं, ऑनलाइन इन्स्टॉलरही अडतो. बॅटरी बदलणं हे स्वस्तातलं काम आहे.

अँटिव्हायरसनं फाईल उचलली असेल तर ती डाउनलोड्समधून गायबच होते. 'विंडोज सिक्युरिटी'मध्ये 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', तिथून 'प्रोटेक्शन हिस्टरी' बघा, काय उचललं आणि का ते लिहिलेलं असतं. व्हिडिओत सांगितलं म्हणून अँटिव्हायरस बंद करू नका. हॅश किंवा सही जुळली असेल आणि साइट खात्रीची असेल तरच त्या एका फाईलला परवानगी द्या. 'विंडोज प्रोटेक्टेड युवर पीसी' या निळ्या खिडकीलाही हाच नियम.

खातं मराठी नावाचं असेल तर

हे मी मुद्दाम वेगळं काढलंय, कारण ही अडचण आपल्याच लोकांना येते. वाशीत एका छोट्या ऑफिसात नवा पीसी आला. मालकांनी चालू करताना स्वतःचं नाव मोठ्या हौसेनं देवनागरीत टाकलं. विंडोज नीट चाललं, ब्राउझर चालला, फक्त रिटर्न भरायच्या कामाचा एक जुना प्रोग्रॅम काही केल्या बसेना. तीन वेळा फाईल आणली, तिन्ही वेळा हॅश जुळली. मग मी एररच्या निरोपातला फाईलचा पत्ता नीट वाचला. 'सी', 'युजर्स', आणि त्यापुढे नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं.

इन्स्टॉलर आपलं सामान टेम्प फोल्डरमध्ये सोडवतो, आणि ते फोल्डर तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये असतं. जुन्या प्रोग्रॅमांना इंग्रजीपलीकडची अक्षरं वाचताच येत नाहीत, त्यामुळे स्वतःच ठेवलेलं सामान त्यांना सापडत नाही. चूक मराठी नावाची मुळीच नाही, तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी जग इंग्रजीएवढंच धरलं ही त्यांची चूक आहे. तरी काम आपलं अडतं.

सेटिंग्जमध्ये जाऊन खात्याचं नाव इंग्रजी केलं तरी फोल्डरचं नाव बदलत नाही. म्हणून दोनच रस्ते. सोपा रस्ता: स्टार्टमध्ये 'एन्व्हायर्नमेंट' टाइप करा, 'एडिट एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स फॉर युवर अकाउंट' उघडा. तिथं 'टेम्प' आणि 'टीएमपी' अशा दोन ओळी असतात. आधी सी ड्राइव्हवर इंग्रजी नावाचं रिकामं फोल्डर बनवा, मग दोन्ही ओळींत त्याचा पत्ता टाका, साइन आउट करून परत आत या आणि इन्स्टॉल करा. याने नाही झालं तर इंग्रजी, छोट्या, एका शब्दाच्या नावाचं नवं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खातं उघडा आणि त्यातून बसवा. ते खातं एकदा उघडलं की पडद्यावर दिसणारं नाव खुशाल मराठीत करा, आतलं फोल्डर इंग्रजीच राहतं. त्या ऑफिसात आम्ही तेच केलं, आणि मालकांचं नाव आजही पडद्यावर मराठीतच दिसतं.

निरोपातला आकडा वाचा

इन्स्टॉल अडलं की खिडकीत एक आकडा येतो. 'एरर आला' एवढंच सांगू नका, आकडा लिहून घ्या. १६१८ म्हणजे दुसरं काहीतरी आधीच बसतंय, थांबा किंवा रीस्टार्ट करा. १६३८ म्हणजे दुसरी आवृत्ती आधीपासून बसलेली आहे, ती काढा. १६१९ म्हणजे फाईल उघडताच आली नाही, पहिल्या पायरीवर परत. ३०१० आला तर घाबरू नका, काम झालंय, फक्त रीस्टार्ट हवा. शेवटी ७००७० असलेला लांबलचक आकडा जागा संपल्याचा, ७०००५ असलेला परवानगी नसल्याचा, ७०५७० असलेला फाईल किंवा फोल्डर खराब होऊन वाचता न येण्याचा.

'व्हीसीरनटाइम' किंवा 'एमएसव्हीसीपी'नं सुरू होणारी डीएलएल नाही असं आलं, तर ती एकटी डीएलएल कुठल्याशा साइटवरून उतरवून टाकू नका. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून 'व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल' घ्या, ६४-बिट विंडोज असेल तर ३२ आणि ६४ दोन्ही बसवा. जुना प्रोग्रॅम 'डॉट नेट ३.५' मागत असेल तर ते स्टार्टमध्ये 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' शोधून चालू करता येतं.

१६०३ हा सगळ्यात त्रासाचा, कारण त्याचा अर्थ फक्त 'जमलं नाही' एवढाच. इन्स्टॉलरचं शेपूट 'एमएसआय' असेल तर बसवताना काय काय झालं त्याची नोंदवही काढता येते. त्यासाठी पुन्हा तीच सीएमडीची काळी खिडकी उघडा, ही आज्ञाही अक्षरांनी सांगते: एम, एस, आय, ई, एक्स, ई, सी, मोकळी जागा, पुढे झुकलेली तिरकी रेघ आणि आय, मोकळी जागा, फाईल ओढून टाका, मोकळी जागा, तीच रेघ आणि तिला चिकटून एल, ताऱ्याचं चिन्ह, व्ही, मोकळी जागा, आणि नोंदवहीला इंग्रजी नाव देऊन शेवटी डॉट टीएक्सटी. इन्स्टॉल पुन्हा फसेल, ते अपेक्षितच आहे. मग ती नोंदवही नोटपॅडमध्ये उघडून 'रिटर्न व्हॅल्यू ३' शोधा. खरं कारण बहुतेक वेळा त्याच्या वरच्या दहा-वीस ओळींत लिहिलेलं असतं.

इतकं करूनही अडलं तर कुणाला तरी विचारा, त्यात कमीपणा नाही. फक्त विचारताना विंडोज कोणतं आणि किती बिटचं, फाईल कुठून घेतली, साइझ किती बाइट्स, हॅश किंवा सही जुळली का, आणि निरोपाच्या खिडकीचा पूर्ण फोटो, हे सगळं एकाच मेसेजमध्ये पाठवा. फोटो काढण्याआधी ती खिडकी 'ओके' दाबून बंद करू नका. आकडा त्यातच असतो.